डाव्या तारा सैल का पडतात? हलक्या रिमचं एक सातारी प्रकरण

मागचं चाक आउट येतं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलतं. आउट काढलं की आठ-पंधरा दिवस बरं जातं, मग रिम पुन्हा एका ब्रेक पॅडला घासायला लागते. चढावर उभं राहून पेडल मारलं की मागून टिक-टिक ऐकू येतं. हलक्या रिमवर बांधलेल्या रोड चाकाची ही ठरलेली तक्रार. साताऱ्यात ती जरा लवकरच येते, कारण इथे गावाबाहेर पडलं की एकतर घाट चढायचा असतो, नाहीतर उतरायचा. हे प्रकरण अशाच एका मागच्या चाकाचं आहे. काय बांधलं होतं, काय बिघडलं, आणि पुन्हा बांधताना वजन कुठे वाढू दिलं, ते पुढे मांडलं आहे.

चाक काय होतं

स्वार ८२ किलोचा. सायकल ९ किलो, दोन बाटल्या आणि हत्यारांची पिशवी मिळून दीड किलो, म्हणजे रस्त्यावर एकूण ९२.५ किलो. ब्रेक रिमवरचे, मागे ११ गिअरचा १३० मिमी हब (चाकाचा मधला भाग, ज्यात तारा अडकतात). आठवड्यातून दोनदा समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून कास पठार, एकदा कऱ्हाडच्या दिशेने हमरस्ता, आणि रोजचं एमआयडीसीला जाणं-येणं.

दोन्ही रिमा अ‍ॅल्युमिनियमच्या, प्रत्येकी ३८५ ग्रॅम. उंची २२ मिमी, आतली रुंदी १५ मिमी, तारांच्या भोकांना आयलेट (धातूच्या कड्या) नाहीत. पुढे २४ तारा, मागे २८. सगळ्या तारा दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी, निपल (तार रिमशी धरणाऱ्या, चावीने फिरवायच्या टोप्या) अ‍ॅल्युमिनियमचे. टायर २५ मिमी, हवा १०० पीएसआय. या रिमला तारेचा ताण ११० किलोपेक्षा जास्त चालत नाही, असं तिच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

रोजच्या वापराच्या रोड रिमा साधारण ४३० ते ५०० ग्रॅमच्या असतात. डीटी स्विसच्या आर ४६० या रिमच्या नावातच तिचं वजन आहे. तेव्हा ३८५ ग्रॅमची रिम घेतली की एका चाकामागे ७५ ग्रॅम वाचतात, दोन्ही मिळून दीडशे. आता हे दीडशे ग्रॅम घाटात किती कामाला येतात ते पाहू.

सातारा ते कास चढ ५०० मीटर धरा. दीडशे ग्रॅम ५०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा ०.१५ × ९.८१ × ५००, म्हणजे ७३६ ज्यूल. स्वाराच्या पायातून गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १७० वॅट खर्च होत असतील तर हा फरक ४.३ सेकंदांचा. अख्खा घाट त्याच हिशेबाने ४४ मिनिटांचा. पाव किलो कंदी पेढ्यांचा पुडा खिशात ठेवून चढलात तर याहून जास्त वेळ जाईल.

‘फिरणारं वजन दुप्पट’ हे वाक्य इथे हमखास येतं. ते वेग घेण्यापुरतं जवळपास खरं आहे. रिमवरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून ० ते ३० किमी वेग घेताना त्या दीडशे ग्रॅमला साडेनऊ ज्यूलच्या आसपास लागतात. पण त्याच वेळी बाकीच्या ९२ किलोंना तीन हजारांहून जास्त ज्यूल लागत असतात. एकसारख्या वेगाने घाट चढताना तर रिमवरचे शंभर ग्रॅम आणि बाटलीतले शंभर मिलि पाणी यांत काहीच फरक नाही. हलकी रिम चपळ वाटते, तिचा हात हलका लागतो, हे कबूल. फक्त त्या वाटण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते पुढे.

तपासणीत काय निघालं

चाक तपासायला घेतलं तेव्हा ते साडेचार हजार किलोमीटर चाललेलं होतं. टायर उतरवून, हवेविना, ताणमापकाने २८ही तारा मोजल्या. ताणमापक पार्क टूलचं टीएम-१ असो की दुसरं, प्रत्येक जाडीच्या तारेचा तक्त्यातला रकाना वेगळा असतो. १.८ ची तार २.० च्या रकान्यात वाचली की आकडा साफ चुकतो, आणि ही चूक फार होते.

गिअरच्या, म्हणजे उजव्या, बाजूची सरासरी ११८ किलो, त्यातल्या तीन तारा १३० च्या घरात. डाव्या बाजूला १४ पैकी एक तार कोपरात, म्हणजे हबच्या भोकात जिथे ती वळते तिथे, तुटलेली. पाच तारा २५ किलोच्या आसपास, त्यातल्या दोन नुसत्या बोटांनी हलत होत्या. उरलेल्या आठ ७५ ते ८५ वर. डाव्या बाजूची सरासरी तुटलेली तार शून्य धरून काढली तर ५५ किलोच्या आसपास येते. हा आकडा योगायोगाचा नाही.

मागच्या हबवर गिअरच्या बाजूची, तारा अडकवायची कड चाकाच्या मध्यरेषेपासून १७ मिमीवर होती, डावी ३६ मिमीवर. ११ गिअरचा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवायचा म्हणजे उजवी कड आत ढकलावीच लागते. रिम दोन्ही बाजूंनी सारखी ओढली गेली तरच चाक मध्यात राहतं. म्हणून डावीकडचा ताण उजवीकडच्या १७ ÷ ३६, म्हणजे ४७ टक्केच असू शकतो. कितीही कुशल मिस्त्री असला तरी हे प्रमाण त्याच्या हातात नसतं. ११८ चे ४७ टक्के ५५.५. सरासरी भूमितीने ठरवली, तिची वाटणी मात्र पार विस्कटलेली होती. सैल झालेल्या तारेला हात न लावता शेजारच्या घट्ट करत गेलं की असंच होतं. चाक सरळ दिसतं, ब्रेक घासत नाही, पण निम्म्या तारा कामावर आणि निम्म्या सुट्टीवर.

मग रिमचा तळ. गिअरच्या बाजूच्या तीन भोकांशी, रिमच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या रेघा. धुळीत त्या दिसत नाहीत. रिम पुसून भोकाभोवती पेनाची शाई फासायची, मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसायची. कोऱ्या जागेवरची शाई निघून जाते, भेगेतली राहते. या रिमवर एका भोकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची निळी रेघ राहिली, आणि निपलभोवतीचा धातू बाहेरच्या अंगाला किंचित उचलला गेलेला बोटाला लागला. अशी रिम तिथेच बाद. भेग वेल्डिंगने किंवा एपॉक्सीने थांबत नाही.

का बिघडलं

भार पडला की चाकाच्या तळाच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. रिम वाकायला जितकी ताठ, तितका हा भार जास्त तारांत वाटला जातो. बुटकी आणि पातळ रिम सहज वाकते, त्यामुळे सगळी ताण-घट थेट खालच्या दोन-तीन तारांवर येते. इथे हलक्या रिमची पहिली किंमत मोजली जाते.

दुसरी किंमत हवेची. टायरमध्ये हवा भरली की टायर रिमला आतल्या बाजूला दाबतो आणि सगळ्या तारांचा ताण उतरतो. पातळ रिम जास्त दबते. हे चाक ११० किलोवर बांधलेलं होतं, त्याला १०० पीएसआय हवा भरली की गिअरची बाजू ९८ वर येते आणि डावी ४६ वर. रस्त्यावर चालतं ते चाक हे असं.

आता ४६ किलो ताणाची, १.८ मिमी जाडीची, २९० मिमी लांबीची पोलादी तार किती ताणलेली असते? हिशेब केला तर जेमतेम ०.२६ मिमी. म्हणजे तळाशी रिम तेवढी आत दबली की ती तार पूर्ण सैल. यवतेश्वरच्या वळणावर पावसाने उखडलेला खड्डा, एमआयडीसीच्या रस्त्यावरची रंबलरची रांग, किंवा गळीत हंगामात ट्रॉलीतून पडलेला उसाचा बुडखा, यांपैकी काहीही त्याला पुरतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तार क्षणभर सैल आणि पुन्हा ताठ. सैल असताना निपल मोकळं असतं, थरथरीने ते पाव-पाव आट्याने उलटं फिरत जातं. आणि कोपरातला पोलाद सतत वाकत-सरळ होत थकतो. तार तुटते ती ताण जास्त झाल्याने नव्हे, ताण कमी असल्याने. मागच्या चाकाची डावी तार कोपरात तुटली की आधी हाच संशय घ्यायचा.

यावर सुचणारा सगळ्यात सोपा उपाय इथे केला गेला होता: ‘टाइट करून टाका.’ डावीकडे ताण हवा म्हणून उजवीकडचा वाढवला. डावीला दहा किलो मिळवायचे तर उजवीला एकवीस चढवावे लागतात. रिमची मर्यादा ११०, तारा पोचल्या १३० वर, आणि भेगा नेमक्या त्याच तीन भोकांशी. एका आजारावरचं औषध दुसऱ्याचं कारण झालं.

जे उपाय बाजूला ठेवले

३२ भोकांचा हब आणि रिम घेणं हा जुना, भरवशाचा मार्ग. तारा वाढतात, प्रत्येकीवरचा झटका कमी होतो. पण ४७ टक्के ते ४७ टक्केच राहतात, आणि चांगला हब टाकून नवा आणावा लागतो. ९५-१०० किलोच्या स्वाराला हाच सल्ला आधी द्यावा. इथे तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

कार्बनची रिम हलकी आणि ताठ दोन्ही असते, हे खरं. पण रिम ब्रेक असताना घाटात तिचा भरवसा वाटत नाही. कासवरून उतरताना ९२.५ किलोची साडेचार लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही वाऱ्यात जाते, बाकीची ब्रेक पॅड आणि रिमच्या भिंतीत उष्णता होऊन बसते. अ‍ॅल्युमिनियम ती पसरवतं आणि वाऱ्याला देतं. कार्बनमधला राळेचा भाग ती धरून ठेवतो, आणि ब्रेक सतत दाबून धरायची सवय असलेल्याच्या रिमची भिंत मऊ पडून सुटू शकते. डिस्क ब्रेकच्या सायकलीला हा मुद्दा लागू नाही.

तारा एकमेकींना जिथे छेदतात तिथे बांधून डाख लावणं हाही एक जुना प्रकार. ताण त्याने जराही वाढत नाही, म्हणून तो चर्चेतच नव्हता.

जे केलं

मूळ अडचण वजनाची नव्हती, ४७ टक्क्यांची होती. म्हणून रिम निवडताना आधी पाहिलं ते भोकांची जागा. काही रिमांची भोकं मध्यरेषेवर नसतात, एका बाजूला अडीच-तीन मिलिमीटर सरकवलेली असतात. निवडलेल्या रिमची २.७ मिमी सरकलेली होती, वजन ४७० ग्रॅम, आतली रुंदी १९ मिमी, ताणाची मर्यादा १२० किलो, भोकं २८. तीच हब वापरता आली. भोकं डावीकडे सरकली की उजवीचं अंतर १७ वरून १९.७ होतं आणि डावीचं ३६ वरून ३३.३. प्रमाण ५९ टक्के.

रिम उलटी लावली तर? १४.३ भागिले ३८.७, म्हणजे ३७ टक्के. आधीपेक्षा वाईट. काही रिमांवर ‘गिअरची बाजू’ सांगणारी खूण असते, काहींवर फक्त बारीक स्टिकर असतो जो धुताना निघून जातो. भोकं गिअरपासून दूर, डाव्या अंगाला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पुढच्या रिम ब्रेकच्या चाकाला अशी रिम लावायचं कारणच नाही, तिथे दोन्ही कडा सारख्याच अंतरावर असतात.

डाव्या बाजूला तारा पातळ घेतल्या, मध्ये १.५ मिमी. गिअरच्या बाजूला आधीसारख्याच १.८. कमी ताणाच्या बाजूला आणखी पातळ तार हे ऐकायला उलटं वाटतं. पण सैल पडणं ठरतं ते तार किती ताणलेली आहे यावर, आणि त्याच ताणाला पातळ तार जास्त ताणली जाते. नव्या चाकात हवा भरल्यावर डावीचा ताण ६४ किलो. १.५ च्या तारेची लांबी त्याने ०.५१ मिमी वाढते. आधी ०.२६ होती. त्याच खड्ड्यात आता तार सैल व्हायला रिम दुप्पट आत दबावी लागेल, आणि ही रिम उंच आणि जाड असल्याने तेवढी दबतही नाही.

निपल मागे पितळेचे. पितळी निपल साधारण एक ग्रॅमचं, अ‍ॅल्युमिनियमचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. २८ निपलांत वीसेक ग्रॅम जास्त. बदल्यात पावसाळ्यात आणि घामाच्या मिठाने ती जाम होत नाहीत, आणि चावीने गोल होत नाहीत. चावीचं माप आधी ताडून पाहायचं: ३.२३ मिमीच्या निपलला ३.४५ ची चावी लागल्यासारखी वाटते, पण कोपरे खाते.

मागच्या चाकात एकूण वाढ: रिमची ८५, निपलची २०, पातळ तारांमुळे १६ वजा. साधारण ९० ग्रॅम. कास चढायला अडीच सेकंद जास्त.

बांधणी

जुन्या तारा चालत नाहीत, त्यांची लांबी वेगळी. आणि रिमच्या कागदावर छापलेल्या ईआरडीवर (समोरासमोरच्या निपलांतल्या तारांच्या टोकांमधलं अंतर, ज्यावरून तारेची लांबी काढतात) भरवसा ठेवून तारा मागवू नयेत. दोन जुन्या तारांचा कोपर छाटून त्या बरोबर २३० मिमीच्या कराव्यात, तारेचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत निपल चढवावं, समोरासमोरच्या भोकांतून घालून ताठ ओढाव्यात आणि मधलं अंतर व्हर्नियरने मोजावं. त्यात ४६० मिळवले की ईआरडी. २३० अशासाठी की नेहमीचा व्हर्नियर १५० मिमीच उघडतो. चार जागी मोजावं, रिम कोरी असली तरी अगदी गोल असेलच असं नाही. इथे अंतर १२८ आलं, ईआरडी ५८८.

हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५ मिमी, तीन छेद (प्रत्येक तार त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते), २८ तारा. हिशेबाने गिअरच्या बाजूला २८९.२ आणि डावीकडे २९०.४ मिमी. मागवल्या २८९ आणि २९०. आधीच्या बुटक्या रिमला, जिची ईआरडी ५९४ होती, २९२ आणि २९४ लागत होत्या. साताऱ्यातल्या साध्या सायकल दुकानात मिळतात त्या सबंध लांबीत २ मिमी जाडीच्या साध्या तारा. मध्ये पातळ केलेल्या तारा मापाने मागवाव्या लागतात, तेव्हा प्रत्येक लांबीच्या दोन-दोन जास्त घेणं शहाणपणाचं.

तारा भरताना आट्यांना आणि निपल रिमला टेकतं तिथे जवसाच्या तेलाचं बोट. तेल फिरवायला मदत करतं आणि पुढे काही दिवसांत घट्टसर होऊन निपल धरून ठेवतं. सगळी निपल आटे दिसेनासे होईपर्यंत सारखी आणली की मग अर्ध्या-अर्ध्या आट्याने फेऱ्या. निम्म्या ताणावर आधी गोलाई बघायची, मग आउट, मग चाक उलटं-सुलटं धरून मध्य. शेवटच्या वीस टक्क्यांत गोलाई दुरुस्त करायला गेलं की ताणाची वाटणी बिघडते.

१.५ मिमीची तार निपलसोबत पिळली जाते. चावी पाव आटा फिरली असं वाटतं, प्रत्यक्षात तार तेवढी पिळलेली असते, आणि पहिल्याच फेरीत ‘टण्’ आवाज करत ती पीळ सोडते, चाक आउट होतं. उपाय: चार-पाच तारांना कागदी टेपची छोटी शेपटी चिकटवायची. शेपटी किती वळते ते दिसतं. शेपटी जेवढी वळली तेवढं चावीने हवं त्याच्या पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं.

मग समांतर तारांच्या जोड्या दोन्ही हातांनी जोरात आवळायच्या, सबंध चाकभर, दोनदा. त्याने कोपर हबच्या कडेवर नीट बसतो. हलकी रिम मर्यादेजवळ असली तर आवळताना चाक पापडासारखं लचकून आउट होतं. तो इशारा असतो: अर्धा आटा सगळीकडे सैल करायचा. जुन्या रिमवर हे एकदा झालं होतं आणि तेव्हाही चाक नुसतं आउट काढून दिलं गेलं.

शेवटी हवेविना गिअरची बाजू ११५ किलो, डावी ६८, प्रत्येक बाजूची कोणतीही तार सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत. आउट ०.२ मिमी, गोलाई ०.३ मिमी. हवा भरल्यावर १०८ आणि ६४.

कानाने ताण ओळखणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या चाकात दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या जाडीच्या होत्या, त्यामुळे डावीचा सूर सा धरला तर गिअरची बाजू तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मध्ये कुठेतरी वाजायची. नव्या चाकात पातळ तार कमी ताणावरही उंच वाजते, आणि दोन्ही बाजूंचे सूर बरेच जवळ येतात. ते ऐकून ‘दोन्हीकडे सारखा ताण आहे’ असा निष्कर्ष काढू नये. एकाच बाजूच्या तारा आपसांत ताडायला मात्र कान उत्तम.

टायर, आणि पुढचं चाक

मागे २८ मिमीचा टायर, ८० पीएसआय. १९ मिमी रुंद रिमवर तो नीट बसतो. जुन्या ब्रेक कॅलिपरमधून तो फिरतो का, ते विकत घेण्याआधी पाहावं. ब्रेकच्या कमानीखाली बोटभर नाही तरी चार मिलिमीटर जागा हवीच, कारण पावसात टायरला चिकटलेला चिखल तिथेच अडतो. ९० ग्रॅमची वाढ परत मिळवायची तर सगळ्यात स्वस्त जागा ट्यूब. साधी रबरी ट्यूब शंभर ग्रॅमच्या पुढे, टीपीयू या पातळ प्लास्टिकची चाळीसच्या आसपास. पण काही टीपीयू ट्यूब फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात, रिम तापली की त्यांचं काही खरं नाही. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. घाटातल्या रिम ब्रेकच्या सायकलीला ते वाचल्याशिवाय ती घालू नये.

पुढचं चाक बदललं नाही. तिथे ३८५ ग्रॅमची रिम, २४ तारा, आणि तक्रार काहीच नाही. कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा, ९५ च्या आसपास, आणि वजनाचा चाळीसेक टक्केच भाग पुढे येतो. हलकी रिम जिथे चालते तिथे ती ठेवायला हरकत नव्हती. पुढची रिम अरुंद आणि मागची रुंद असल्याने मागची ब्रेक केबल ढिली करून पॅड पुन्हा लावावे लागले, एवढंच.

मात्र पुढच्या हलक्या रिमचा वेगळा हिशेब सुरू राहतो, तो ब्रेकच्या भिंतीचा. उतारावर ब्रेकचं मुख्य काम पुढचं चाक करतं. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर जांभ्याची तांबडी माती पाण्यासोबत वाहत येते, ती पॅडमध्ये रुतते आणि पॅड पॉलिशकागदासारखा चालतो. उतरताना खर्र-खर्र ऐकू आलं की थांबून पॅड पाहावेत. त्यात चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण असतील तर ते रिमचेच तुकडे आहेत. सुईने टोचून काढायचे, नाहीतर ते पुढचे तुकडे काढतात. बाटलीतलं घोटभर पाणी रिमवर ओतलं तरी बराच फरक पडतो.

भिंत मोजताना व्हर्नियर सरळ लावला तर टायर धरणाऱ्या आकड्याच्या जाड कडेवर तो अडतो आणि भिंत आहे त्याहून जाड दिसते. २ मिमी तारेचे दोन छोटे तुकडे घ्यावेत, एक भिंतीच्या आत, एक बाहेर, दोन्हींवरून मोजून ४ वजा करावेत. कोरी असताना ही भिंत १.४ मिमी होती. साडेचार हजार किलोमीटरनंतर पुढे १.२ निघाली, मागे बाद केलेल्या रिमवर १.२५. एक मिमीला रिम बदलायची असं ठरवलं. त्याखाली हवेच्या दाबानेच भिंत बाहेर फाकू शकते, आणि ते होतं बहुतेक उतारावर, रिम तापलेली असताना. या गतीने पुढच्या रिमला आणखी चारेक हजार किलोमीटर आहेत. पावसात कासच्या फेऱ्या वाढल्या तर त्याहून कमी.

नव्या मागच्या चाकाची पहिली तपासणी शंभर किलोमीटरनंतर झाली. डावीकडच्या दोन तारा ६८ वरून ६३ वर आलेल्या, बाकी जागच्या जागी. त्या पाव आट्याने परत आणल्या. पुढची पाचशे किलोमीटरला, तेव्हा चावी लावायची वेळ आली नाही. सीटखालच्या पिशवीत आता २८९ ची एक आणि २९० ची एक तार, निपल आणि ३.२३ ची चावी असते. गिअरच्या बाजूची तार रस्त्यात तुटली तर कॅसेट काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, म्हणून ती तार खरं तर घरी पोचल्यावरची. तोपर्यंत तुटलेली तार शेजारणीला गुंडाळायची, मागचा ब्रेक मोकळा करायचा, आणि उरलेला घाट बसूनच चढायचा.